आधी कपाट उघड

ठाणे,
श्रावणातला पहिला रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ‘ग्रंथालयासाठी अनुदानाचा अर्ज करायचाय, नमुना असला तर पाठव’ एवढंच लिहिलंयस. नमुना सोबत आहेच. पण गेल्या वर्षी माझाही सगळा भर नमुन्यावर होता आणि त्यापायी हातची संधी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जाहिरात आली तेव्हा मुदतीला तीन आठवडे होते. मी रात्री जागून प्रस्ताव लिहिला, चांगला लिहिला. पण सोबत नियामक मंडळाचा ठराव हवा होता, आणि मंडळ बसतं तीन महिन्यांतून एकदा. तीन कोटेशनांपैकी एकाची मुदत उलटून गेली होती. त्यात आधीच्या एका अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागल्याचा दाखला, लेखा विभागातच पडून होतं. केंद्राच्या पैशाचा हिशेब जीएफआर 12-ए या ठरलेल्या सरकारी नमुन्यात दिल्याखेरीज पुढचा हप्ता मागता येत नाही, हे मला पाठ होतं. आपलं प्रमाणपत्र गेलंय का, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी फाईल घेऊन प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभा राहिलो आणि तशीच परत आणली. घरी न जाता मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर बराच वेळ बसलो होतो. फार वाईट वाटलं रे.

यंदा जाहिरातीची वाट पाहिली नाही. मे महिन्यात मागच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. देणगीत आलेली जुनी मासिकं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. दाखल नोंदवहीत, म्हणजे ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक जिथे नोंदतात त्या वहीत, त्यांची एकच ओळ: ‘जुने अंक, 2 पेट्या’. एक बांधीव खंड टेबलावर ठेवून पान उलटलं, तर कोपरा पापडासारखा मोडून बोटांतच राहिला. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, त्याला तुरटी-राळेची खळ; त्यातलं आम्ल कागदाला आतून खात जातं आणि आपल्याकडची दमट हवा त्याला हातभार लावते. टेबलभर तपकिरी चुरा पडला. आमच्या मावशींनी पुसायला फडकं घेतलं आणि हात तसाच थांबला. म्हणाल्या, “सर, ह्याच्यावर अक्षरं आहेत.” तो चुरा मी पाकिटात घालून ठेवलाय.

मग आम्ही दोघांनी अंकनिहाय यादी केली. वर्ष, महिना, पानं, गहाळ पानं, कागदाची अवस्था. अख्खा महिना गेला. ती यादी घेऊन एक शनिवार मराठी ग्रंथसंग्रहालयात बसलो. वि. ल. भाव्यांनी 1893 मध्ये ठाण्यात सुरू केलेलं, तुला माहीतच आहे. जे दुसरीकडे नीट जपलंय त्याच्यासाठी आपण पैसे मागणं मला पटत नाही.

कपाटाच्या तळाशी मोडी कागदांचे दोन रुमालही, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, निघाले. इथे एक लक्षात ठेव. केंद्राच्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनच्या (आताचं ‘ज्ञान भारतम्’) व्याख्येत हस्तलिखित म्हणजे हाताने लिहिलेलं आणि किमान 75 वर्षं जुनं. छापील अंक कितीही जुना असला तरी त्यात बसत नाही. म्हणजे एकाच कपाटातून दोन वेगळे प्रस्ताव. ब्रिटिश लायब्ररीचा धोक्यातल्या दस्तऐवजांसाठीचा कार्यक्रम 2004 पासून चालू आहे. तिथे आधी प्राथमिक अर्ज, तो पसंत पडला तर सविस्तर. मूळ कागद देशाबाहेर न्यायचे नाहीत ही त्यांचीच अट, त्यामुळे संस्थेतल्या वडीलधाऱ्यांची शंका पहिल्याच बैठकीत मिटली. तू राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानचं विचारलंस. ते 1972 चं, कोलकात्याचं. पण त्यांचा पैसा सार्वजनिक ग्रंथालयांसाठी असतो. कॉलेजच्या ग्रंथालयाने तिथे वेळ घालवू नये. तुझ्या गावच्या वाचनालयाला मात्र जरूर सांग.

आता माझ्या टेबलामागे एक मोठा तक्ता आहे. शेवटच्या तारखेपासून उलटं मोजत यायचं: सही कधी, ठराव कधी, म्हणजे विषय बैठकीच्या पत्रिकेवर कधी. पहिल्याच दिवशी लेखापालांना चहाला बोलावलं. गेल्या वर्षी त्यांना मी शेवटच्या दिवशी भेटलो होतो, ती माझी चूक. त्यांनी त्याच आठवड्यात जुनं प्रमाणपत्र जावक क्रमांकासह माझ्या हातात ठेवलं. अंकांचं महत्त्व इतिहासाच्या मॅडम लिहितायत. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं लिहितात.

खर्चाचं एक कलम सगळे विसरतात. ए-फोर आकाराचं पान 400 डीपीआयने (इंचाला 400 ठिपके) रंगीत स्कॅन केलं की टिफ फाईल, म्हणजे तपशील न गाळता जपलेलं चित्र, साधारण 45 एमबीची होते. शंभर पानांचे साडेचार जीबी, आणि त्याच्या दोन प्रती. स्कॅनरचे पैसे कोणीही देईल. अनुदान संपल्यावर त्या डिस्क कोण बदलणार? आम्ही ते कॉलेजच्या वार्षिक बजेटात घालून तसा ठरावच करून घेतला. त्यासाठी प्राचार्यांकडे चार खेपा घातल्या, शेवटी त्यांनी ऐकलं.

दोन्ही प्रस्ताव तयार आहेत, अजून पाठवलेले नाहीत. पाठवायच्या आधी तू एकदा वाचावेस अशी फार इच्छा आहे. आणि नमुना भरायला घेण्याआधी तुझ्या दाखल नोंदवहीच्या पहिल्या दहा पानांचे फोटो मला पाठव. तुझ्याकडेही ‘जुने अंक’ अशी एखादी ओळ असणार. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा मित्र