त्रिएस्तेहून दादास

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इथल्या भौतिकशास्त्र केंद्रातलं काम ठीक चाललंय. रविवार मोकळा असतो, तेव्हा लेखक जेम्स जॉईसची घरं शोधत फिरायलो. जॉईस आयर्लंडचा, पण तिथून निघाला आणि उमेदीची बरीच वर्षं या बंदरात काढली. ‘युलिसिस’ ही त्याची गाजलेली कादंबरी लिहायला घेतली तीही इथंच.

१९०४ च्या ऑक्टोबरात तो नोराला, पुढं बायको झाली तिला, घेऊन आला. तिला स्टेशनाजवळच्या बागेत बसवून खोली आणि पैशांची सोय बघायला गेला, तर वाटेत दारूडे खलाशी आणि पोलिसांच्या भांडणात पडून स्वतःच आत! ती बिचारी बागेतच ताटकळत. (वहिनीला हे वाचून दाखवू नको, उगीच तुझा जुना हिशेब निघेल.)

पुढं इंग्रजीच्या शिकवण्या धरल्या. भाडं थकायचं, बिऱ्हाड हलायचं. म्हणून आता गावभर त्याच्या नावाच्या पाट्या. ब्रामांते रस्त्यावर चार नंबरचं घर आहे, ‘युलिसिस’ची सुरुवात झाली ते. कालव्यावरच्या पोंते रोस्सो पुलावर २००४ साली त्याचा पुतळा बसवला. चौथरा नाही, टोपी घालून आपल्यासारखाच पुलावरनं चाललेला. लोक त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. मला पाट्याच बऱ्या वाटल्या.

गावाची कथा अण्णांना आवडली असती. आधी ऑस्ट्रियाचं बंदर, पहिल्या महायुद्धानंतर इटलीचं, दुसऱ्यानंतर अधांतरी, १९५४ ला परत इटलीत. अण्णांनी शाळा उर्दूत केली, घरी मराठी बोलले. इथंही ऑस्ट्रियाच्या काळात कचेरीत जर्मन, बाजारात इटालियन आणि स्लोव्हेन. जॉईसची पोरं तर घरातही इथली गावठी इटालियनच बोलायची.

पण माझं मन अडकलं ते त्याच्या भावात, स्टॅनिस्लॉसमध्ये. धाकटा. १९०५ मध्ये थोरल्यानं बोलावून घेतला, तेव्हा विशीचा होता. थोरला शिकवायचा त्याच शाळेत शिकवायला लागला आणि पगार जायचा थोरल्याच्या संसारात. थोरला गुत्त्यात बसला की ओढून आणायचं कामही त्याचंच. महायुद्धात ऑस्ट्रियानं त्याला छावणीत डांबलं. जॉईस बायकापोरं घेऊन झुरिचला गेला. युद्धानंतर जॉईस थोडे दिवस परत आला आणि १९२० ला पॅरिसला निघून गेला. स्टॅनिस्लॉस इथंच राहिला, प्राध्यापक झाला. सबंध ‘युलिसिस’ १६ जून या एका दिवसात घडते. हाही १६ जूनलाच गेला, १९५५ साली. मला विचारशील तर पहिला पुतळा त्याचा हवा होता. आपल्याकडं थोरल्यानं भरायचं आणि धाकट्यानं शिकायचं, एवढाच फरक.

बोरा वारं सुटलंय. ते जोरात असलं की पूर्वी रस्त्याकडेला धरायला दोर बांधायचे म्हणे. आईनं दिलेली कानटोपी घालतो, तिला सांग.

सोयाबीन विकलं का? भाव पडला असेल तर घाई करू नको. सोसायटीचा हप्ता मी भरतो, रक्कम तेवढी कळव. आणि या खेपेला ‘राहू दे’ म्हणू नको.

तुझा,
बाळू