आगरकरांवर नको, आगरकरांचं छापा

मा. संपादक,
स. न.

१४ जुलैच्या अंकातला समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांवरचा लेख वाचला. टिळकांशी वाद, डोंगरीच्या तुरुंगातले १०१ दिवस, जिवंतपणी निघालेली प्रेतयात्रा, सगळं आलं. आलं नाही ते त्यांचं लिखाण. दरवर्षी हेच. आम्ही कराडची माणसं, त्यांचं टेंभू आमच्याच तालुक्यातलं. पण इकडे 'टेंभू' म्हटलं की लोकांना उपसा सिंचन योजना आठवते. असो, पाण्याचा त्यात काय दोष!

गेल्या श्रावणात आई गेली. दहाव्याला संगमावर पिंड मांडून आम्ही वीस-पंचवीस पुरुष कावळ्याची वाट बघत बसलो. तासभर झाला, शिवेना. "हिची कसली इच्छा राहिली असेल रे?" म्हणत मामा माझ्याकडून एकेक कबूल करून घेत होते. शेत विकणार नाही, धाकट्याला अंतर देणार नाही. शेवटची चार वर्षं आईचं सगळं जिने केलं, ती बहीण मात्र घरी. बायकांनी घाटावर यायचं नाही ना! अखेर दर्भाचा कावळा केला. रात्री आगरकरांचा 'शहाण्यांचा मूर्खपणा अथवा आमचे प्रेतसंस्कार' हा निबंध काढून वाचला. आधीही वाचला होता. मी एम. ए. झालेला माणूस, घाटावर चकार शब्द बोललो नाही.

घरात, पंगतीत, स्मशानात मुकाट मान डोलावणारा माणूस सरकारपुढे ताठ कसा उभा राहणार, हा आगरकरांचा खरा प्रश्न. म्हणून १८८८ साली काढलेल्या 'सुधारक' साप्ताहिकात बायकांच्या जाकिटांपासून सगळे विषय येतात. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याने शरीरसंबंधाला संमती देण्याचं मुलीचं किमान वय १० वरून १२ केलं, एवढंच. पण परक्या सरकारने आमच्या घरात का डोकवावं, म्हणून पुणं पेटलं. आगरकर कायद्याच्या बाजूने राहिले. सरकार परकं आहे हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. १८८२ साली त्याच सरकारच्या कोर्टाने त्यांना तुरुंगात धाडलं होतं.

तेव्हा पुढच्या जयंतीला त्यांच्यावर लेख नको, त्यांचा एखादा निबंधच छापा. हक्कांचा प्रश्न नाही, त्यांना जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. टाइप मी करून पाठवतो. लांबला तर दोन रविवारी द्या, पण कापू नका.

आपला,
एक वाचक, कराड