स्क्रू गेज हातात न घेता बारावी पास

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात बारावीच्या परीक्षेवर रोज काही ना काही येऊन राहिलंय, कॉपी, भरारी पथक, पेपर सोपा की अवघड, पण प्रॅक्टिकलबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसलो. मी काही मास्तर नाही, कूलरच्या मोटरी रिवाइंडिंग करायचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरायचं, माझं छोटं दुकान आहे आणि होळी झाली की आमच्याकडे कशी झुंबड उडते ते नागपूरकरांना सांगायला नको.

माझी मुलगी यंदा बारावी सायन्सला. परवा रविवारी दुकानात जरा हात लावायला आली, मी म्हटलं ही तार किती जाड आहे ते मोज, आणि जाडी मोजायचा मायक्रोमीटर पुढे केला. ती बघतच राहिली. म्हणे बाबा हे काय? अगं हाच तुमचा स्क्रू गेज! अकरावीच्या जर्नलमध्ये याचा पूर्ण प्रयोग आहे, रीडिंगचा तक्ता, झिरो एरर (गेज रिकामा मिटवला तरी शून्याऐवजी दिसणारा आकडा), सरासरी, खाली सरांची लाल सही, सगळं सिनियरच्या जर्नलवरून उतरवलेलं. लीस्ट काउंट, म्हणजे गेजवर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, विचारलं तर पटकन बोलली, 0.01 मिलीमीटर. पण धरायचा कुठून ते माहीत नाही.

आता यात माझ्या धंद्याची गोष्ट सांगतो. ३३ नंबरची तार असते 0.254 मिमी आणि ३४ नंबरची 0.234, म्हणजे फरक फक्त 0.02, लीस्ट काउंटच्या बरोबर दुप्पट. गेजला दोन घरांचा झिरो एरर असला आणि तो वजा करायचा राहिला, किंवा तारेवरचं इनॅमल, म्हणजे इन्सुलेशनचा लेप, जाळून साफ न करता मापली, की चुकीच्या नंबरची तार भरली जाते, बारीक भरली तर रेझिस्टन्स वाढतो, मोटर तापते आणि मे महिन्यात भर दुपारी गिऱ्हाईक दारात उभं. पोट्टे ज्याला दोन मार्कांचं प्रकरण समजतात त्यावर माझं दुकान चालतं.

दुसरं कंडेन्सरचं, म्हणजे मोटरला जोडलेल्या छोट्या डबीचं. ती गेली की कूलरचा पंखा नुसता हुं हुं करतो, फिरत नाही, मग आपण काडीने ढकलतो आणि तो चालू होतो, हे प्रत्येक घरात केलेलं आहे, आणि उलटा ढकलला तर उलटाही फिरतो. पोरीला एसी सर्किटचा धडा तोंडपाठ आहे, कपॅसिटरमध्ये करंट व्होल्टेजच्या 90 डिग्री पुढे असतो वगैरे, पण त्या पुढे असण्यामुळेच मोटरला पहिला धक्का मिळतो आणि कंडेन्सर गेला की तो धक्का काडीला द्यावा लागतो, हे जोडून कोणी दाखवलंच नाही. कंडेन्सर म्हणजेच कपॅसिटर हेही तिला माझ्याकडूनच कळलं. हसली आणि म्हणाली, हे सीईटीला येत नाही बाबा.

तिचंही खरंच आहे म्हणा. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 100 प्रश्न आणि वेळ 90 मिनिटं, एका प्रश्नाला मिनिटही पुरं मिळत नाही, तिथं काडी अन् कंडेन्सरचा विचार कोण करत बसेल. नाव कॉलेजात, शिकणं क्लासमध्ये, फी दोन्हीकडे. 2018 मध्ये सरकारने सायन्सच्या ज्युनियर कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती, पण अंगठा लावून लॅबचं कुलूप थोडंच उघडतं? हिच्या कॉलेजची लॅब दोन वर्षांत मोजून चार-पाच वेळा उघडली. बोर्डाच्या फिजिक्समध्ये 70 लेखीला आणि 30 प्रॅक्टिकलला, आणि हे 30 बहुतेकांना जवळजवळ पूर्ण मिळतात. मागच्या महिन्यात हिची परीक्षा वीस मिनिटांत उरकली, रेझिस्टन्स मोजायचा मीटर ब्रिज आधीच जोडून ठेवला होता आणि बॅलन्स पॉइंट, म्हणजे काटा शून्यावर येतो ती जागा, किती सेंटीमीटरवर येतो तेही लॅबवाल्या भाऊंनी हळूच सांगून टाकलं. त्या भाऊंना दोष देत नाही, त्यांनाही वरून सांगितलेलंच असणार.

आपल्या गावात गांधीसागराजवळ रामन विज्ञान केंद्र आहे. ज्या रामन साहेबांचं नाव त्याला दिलंय ते सरकारी हिशेबाची नोकरी सांभाळून ऑफिसच्या आधी अन् नंतर प्रयोग करायचे, त्या नोकरीत काही दिवस नागपुरातही होते. आमच्या पोरांना मात्र ऑफिस नाही, नोकरी नाही, तरी प्रयोगाला टाइम नाही.

माझं मागणं फार मोठं नाही. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाने प्रत्येक पोराला एक, फक्त एक रीडिंग स्वतःसमोर घ्यायला लावावं, खिशातली तार काढून द्यावी आणि म्हणावं मोज. जर्नल नंतर बघा. धाकटा यंदा दहावीला आहे, जूनमध्ये अकरावीची धावपळ सुरू होईल, तेव्हा मी कॉलेजात फी विचारायच्या आधी लॅब दाखवा म्हणणार आहे. बाकी पालकांनीही विचारून बघावं.

आपला,
कूलर मोटर रिवाइंडिंगवाला एक बाप,
नंदनवन, नागपूर