राजाराम कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची कागदपत्रे जपण्यासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या आणि शिकवलेल्या माणसांची कागदपत्रे एका जागी आणायचे काम मंगळवार पेठेतील आमच्या वाचनालयाने हाती घेतले आहे. हा उपक्रम कॉलेजचा नाही की सरकारचा नाही, पेठेतल्या वाचकांचा आहे. त्यासाठी आपल्या घरातले जुने फोटो, पत्रे, वह्या आणि कॉलेजचे वार्षिक अंक हवे आहेत. पैशांचीही गरज आहे आणि त्याहून जास्त गरज हाताने काम करणाऱ्यांची आहे.

हे कॉलेज 1880 साली सुरू झाले. फ्लॉरेन्समध्ये 1870 साली ऐन तारुण्यात निधन पावलेल्या राजाराम महाराजांचे नाव त्याला आहे. सुरुवातीच्या विद्यार्थ्यांमध्ये गोपाळ कृष्ण गोखले होते. वडील गेल्यावर त्यांचे थोरले बंधू गोविंदराव शिक्षण सोडून कागलला पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला धाडू लागले. पुढच्या शिक्षणासाठी गोखल्यांना पुणे-मुंबई गाठावी लागली, पण कॉलेजची पहिली पायरी ते कोल्हापुरातच चढले. गोखल्यांचे चरित्र सगळ्यांना ठाऊक आहे. आम्हाला त्या आठ रुपयांचा हिशोब ठेवणारी घरे शोधायची आहेत, कारण कोणीतरी शेत गहाण टाकून, कोणी दागिने मोडून मुलगा या कॉलेजात पाठवल्याच्या हकिकती अजून ठिकठिकाणी ऐकायला मिळतात.

शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. जागा राखल्या तरी त्या भरायला शिकलेली माणसे लागतात. म्हणून बोर्डिंगे उभी राहिली. मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशा एकेका समाजाच्या मुलांची राहण्याजेवणाची सोय शहरात झाली, आणि खेड्यातून आलेला मुलगा हायस्कूल संपवून राजाराम कॉलेजात जाऊ लागला. 1919 साली महाराजांनी कॉलेज आर्य समाजाकडे चालवायला दिले. पुढे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी अनेक वर्षे ते सांभाळले. शिवाजी महाराजांच्या इतिहासाचे ते गाढे अभ्यासक. कोल्हापुरात विद्यापीठ व्हावे हे त्यांचे स्वप्न 1962 साली पुरे झाले. ते पाहायला मात्र ते नव्हते.

वर्गात शिकवायला कोण होते पाहा. फार्सीला माधव जूलियन, तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञानाला ना. सी. फडके. 1936 च्या जळगाव साहित्य संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन, 1940 च्या रत्नागिरी संमेलनाचे फडके. स्वातंत्र्यानंतर विनायक कृष्ण गोकाक इथे प्राचार्य होते. त्यांना पुढे कन्नड साहित्यासाठी ज्ञानपीठ मिळाले. या तिघांच्या तासाला बसून घेतलेल्या टिपणांची एखादी वही कोणाच्या माळ्यावर असेल, तर आमच्या लेखी तिचे मोल छापील ग्रंथाहून जास्त आहे.

विद्यार्थ्यांमधून यशवंतराव चव्हाण निघाले, 1938 साली इथूनच बी.ए. झालेले. रत्नाप्पा कुंभार निघाले, घटना समितीत गेलेले आणि नंतर पंचगंगा साखर कारखाना उभा करणारे. जमखंडीकडचे बी. डी. जत्तीही इथलेच. ते पुढे देशाचे उपराष्ट्रपती झाले आणि 1977 साली काही महिने राष्ट्रपतिपदाचा भारही त्यांनी सांभाळला. यातली एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. 1960 साली सीमाप्रश्नासाठी दोन्ही राज्यांची चार सदस्यांची समिती नेमली गेली, तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री चव्हाण होते आणि म्हैसूरचे, म्हणजे आजच्या कर्नाटकाचे, मुख्यमंत्री जत्ती. भांडण बेळगावचे, आणि दोन्ही बाजूंचे मुख्यमंत्री एकाच कॉलेजचे! आम्हाला तरी वाटते की या कॉलेजचा इतिहास नुसत्या मराठी कागदांवरून लिहिताच येणार नाही. म्हणून निपाणी, बेळगाव, जमखंडी, विजापूरकडच्या घरांना खास विनंती आहे: कन्नडमधली पत्रेही पाठवा. ती वाचणारी, मराठीत सांगणारी माणसेही आम्हाला हवी आहेत. मोडी वाचता येणारे कोणी असतील तर फारच उत्तम.

मोठ्या नावांची चरित्रे झाली, पुतळे झाले. पण इथून पदवी घेऊन तालुक्याच्या गावी हेडमास्तर झालेला, सोसायटीचा सेक्रेटरी झालेला, कोर्टात वकिली करून चार मुलांना घरी ठेवून शिकवणारा माणूस कुठेच नोंदलेला नाही. त्याची खूण घरच्या ट्रंकेतच असते, आणि ट्रंका झपाट्याने जात आहेत. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या पुरात पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, नागाळा पार्कपर्यंत आले. पाणी ओसरल्यावर गाद्यांबरोबर कागदही रस्त्यावर पडले आणि घंटागाडीत गेले. अशाच एका घरातून आमच्याकडे एक ग्रुप फोटो आला आहे. वरच्या दोन रांगा स्वच्छ दिसतात: फेटे, काळ्या टोप्या, एक मुलगा बोडक्या डोक्याने. खालची रांग मात्र ओल लागून काचेला चिकटली आहे आणि शाईने लिहिलेली नावे पसरून निळा डाग झाली आहेत. आता ती नावे सांगू शकेल असे त्या घरात कोणी उरलेले नाही.

म्हणून कळकळीने सांगतो, चिकटलेला फोटो काचेवरून सोलू नका, काचेसकट आणा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. फोटोच्या मागे नावे लिहायची तर पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा की यात कोण कोण आहे.

वर्गणीतून आम्ही चांगला स्कॅनर, लोखंडी कपाटे आणि कागदाला न खाणाऱ्या पुठ्ठ्याच्या पेट्या घेणार आहोत. शंभर रुपयेही आनंदाने घेऊ. प्रत्येक रकमेची पावती मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला वाचनालयाच्या फलकावर लागेल. मूळ वस्तू द्यायची नसेल तर आपल्यासमोर स्कॅन करून लगेच परत देऊ. खासगी पत्रातला मजकूर घरच्यांच्या संमतीशिवाय कोणालाही दाखवला जाणार नाही.

वाचनालय सोमवार सोडून रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडे असते. ज्या माजी विद्यार्थ्यांना वयामुळे बाहेर पडणे जमत नाही, त्यांनी शेजाऱ्यापाजाऱ्याकडून नुसता निरोप पाठवावा. आमची मुले स्कॅनर आणि वही घेऊन घरी येतील.

आपले,
वाचनालयाचे सर्व कार्यकर्ते
मंगळवार पेठ, कोल्हापूर