रिपोर्टच्या खाली सही करणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

पॅथॉलॉजिस्टला पेशंट सहसा पत्र लिहीत नाहीत. सर्जनच्या पाया पडतात, त्यांच्या केबिनमध्ये पेढे नेऊन देतात. रिपोर्टखालची सही कोणी वाचत नाही. मी वाचली, कारण त्या सहीच्या वर तुम्ही कोणी न विचारता तीन ओळी लिहिल्या होत्या. माझे आणि माझ्या मुलाचे उपचार त्या तीन ओळींमुळे बदलले. म्हणून तुमचे आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं.

माझ्या गळ्यातल्या गाठीची सुईने तपासणी झाली तेव्हा सगळे धरून चालले होते की हा नेहमीचा थायरॉईड कॅन्सर असणार. ऑपरेशनची तारीख ठरत आली होती. तुम्हाला मात्र त्या पेशी वेगळ्या दिसल्या. विखुरलेल्या, काही लांबट, आणि मधेमधे गुलाबीसर साका. तुम्ही काँगो रेड हा रंग लावून स्लाइड ध्रुवीकृत प्रकाशात पुन्हा पाहिली. तो साका हिरवा चमकला, म्हणजे ॲमिलॉइड. मग तुम्ही लॅबमधून बाहेर आलात आणि बाकावर माझ्या शेजारी बसून विचारलंत, ‘आईला काय त्रास होता?’

आईला दरदरून घाम फुटायचा, डोकं ठणकायचं, छातीत धडधडायचं. घरात त्याला टेन्शन म्हणत. एके दिवशी ती अचानक गेली. हे तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं.

तुमची पहिली ओळ होती: मेड्युलरी कार्सिनोमाची शक्यता, कॅल्सिटोनिन आणि सीईए तपासा. हे दोन्ही पदार्थ या कॅन्सरमध्ये रक्तात वाढलेले सापडतात. थायरॉईड कॅन्सरच्या शंभर पेशंटांत हे जेमतेम दोन-चार असतात. तो थायरॉईड हार्मोन बनवणाऱ्या पेशींतून नाही, तर कॅल्सिटोनिन बनवणाऱ्या सी पेशींतून उगवतो. त्या पेशी आयोडीन शोषत नाहीत, म्हणून ‘आयोडीनचा डोस घेतला की झालं’ हा नातेवाइकांचा दिलासा इथे लागूच पडत नाही. नीट केलेलं पहिलं ऑपरेशन, म्हणजे अख्खी ग्रंथी आणि मानेतल्या मधल्या भागातल्या लसिकाग्रंथी काढणं, हाच मुख्य उपचार. कॅल्सिटोनिनचा आकडा पाहून माझ्या सर्जननी ऑपरेशनचा सगळा आराखडा बदलला.

दुसऱ्या ओळीने मला जिवंत ठेवलं: भूल देण्याआधी फिओक्रोमोसायटोमा नाही याची खात्री करा. तो म्हणजे मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतली, बीपी भडकवून घाम आणि धडधड आणणारी गाठ. मला तो होता, उजव्या ॲड्रिनलमध्ये. तो तसाच राहून मला भूल दिली असती तर टेबलावरच बीपी कुठल्या कुठे गेलं असतं. आधी बीपी आवरणाऱ्या गोळ्या, मग ॲड्रिनलचं ऑपरेशन, आणि त्यानंतर गळ्याचं, असा क्रम लागला.

पुढे मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले. 1959 साली हॅझर्ड, हॉक आणि क्राइल यांनी हा कॅन्सर वेगळा ओळखून त्याला नाव दिलं. 1961 साली जॉन सिपल या डॉक्टरांनी एका तरुण माणसाच्या शवविच्छेदनात दोन्ही ॲड्रिनलमध्ये आणि थायरॉईडमध्येही गाठी पाहिल्या. योगायोग म्हणून ते सोडून देता आलं असतं. त्यांनी जुन्या नोंदी धुंडाळल्या आणि या दोन गाठी एकत्र येतात हे दाखवलं. ते वाचताना मला तुम्हीच दिसलात. आईचं नेमकं काय झालं याचा पुरावा आता मिळणार नाही, पण तिचं दुखणं कोणीतरी गांभीर्याने ऐकलं, ते तुम्ही.

तिसरी ओळ: रेट जनुकाची तपासणी करावी. दहाव्या गुणसूत्रावरच्या या जनुकातल्या बिघाडाचा आणि आनुवंशिक मेड्युलरी कॅन्सरचा संबंध 1993 साली सापडला. अशा कुटुंबांनी पिढ्यानपिढ्यांची माहिती आणि रक्त दिलं म्हणून तो सापडला. त्या अनोळखी माणसांचीही मी ऋणी आहे. साधारण चारातल्या एका पेशंटमध्ये हा आजार घराण्यातून आलेला असतो. माझा बिघाड कोडॉन 634 वरचा, म्हणजे त्या जनुकातल्या 634 क्रमांकाच्या जागेवरचा निघाला. प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. माझ्या मुलीला तो नाही, मुलाला आहे.

तो तेव्हा तिसरीत होता. या बिघाडात पाचव्या वर्षापर्यंतच थायरॉईड काढावी असं सांगतात. धडधाकट, दिवसभर हुंदडणाऱ्या पोराला ऑपरेशनला न्यायचं म्हणजे काय, हे घरच्यांना पटवताना मी तुमचाच कागद पुढे ठेवत होते. त्याच्या ग्रंथीच्या स्लाइड्सही तुम्हीच पाहिल्यात. कॅन्सरचा एक बारीकसा ठिपका, ग्रंथीच्या आतच, लसिकाग्रंथी स्वच्छ. तो रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतो आणि क्रिकेट खेळायला पळतो.

माझं कॅल्सिटोनिन अजून पूर्ण खाली आलेलं नाही. डॉक्टर दर काही महिन्यांनी ते बघतात आणि ते किती वेगाने दुप्पट होतंय यावर नजर ठेवतात. गरज पडली तर आज औषधं आहेत: 2011 साली अमेरिकेत वॅन्डेटानिबला मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी कॅबोझँटिनिबला, आणि 2020 मध्ये थेट रेटवरच नेम धरणाऱ्या सेल्परकॅटिनिबला. किमती आमच्यासारख्यांच्या छातीत धडकी भरवणाऱ्या आहेत, तरी आईच्या वेळी यातलं काहीच नव्हतं.

एक विनंती आहे. आईच्या बहिणीच्या, माझ्या मावशीच्या, मुली आता रक्त तपासायला तयार झाल्या आहेत. त्यातल्या एकीच्या गळ्यात गाठ आहे. तिच्या डॉक्टरांना दाखवायला मी माझ्या रिपोर्टची प्रत दिली आहे. तिच्या स्लाइड्स तुमच्याकडे पाठवल्या तर पाहाल का?

आपली कृतज्ञ,
एक पेशंट आणि एका पेशंटची आई