कमिट मोजून गटाचे काम कळत नाही

महोदय,

संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात मुक्तस्रोत, म्हणजेच ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो अशा ओपन सोर्स, सॉफ्टवेअरवर गटाने काम करण्याचा विषय मी नुकताच पूर्ण केला. त्याच्या मूल्यमापनाविषयी काही मांडावेसे वाटते, म्हणून हे पत्र. विषयच नको, अशी माझी तक्रार नाही. उलट आजवरच्या शिक्षणात मी सर्वाधिक शिकलो तो याच विषयात. मात्र जे शिकलो त्याला गुणपत्रिकेत जागा नव्हती आणि ज्याला गुण मिळाले ते आम्हाला आधीपासूनच येत होते.

आमचा चौघांचा गट होता. तोवरच्या प्रात्यक्षिकांत कोरी फाइल उघडायची, प्रोग्रॅम लिहायचा आणि तो एकदा चालला की विसरून जायचा, अशीच रीत होती. इथे मात्र अनोळखी लोकांनी अनेक वर्षे लिहीत आणलेला कोड समोर होता आणि पहिले तीन आठवडे तो आपापल्या संगणकावर चालता करण्यात आणि वाचण्यातच गेले. माझा पहिला बदल दोन ओळींचा होता. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच आहे, पण का बदलले ते कमिटच्या, म्हणजे प्रकल्पात नोंदवलेल्या बदलाच्या, संदेशात कुठे आहे, असे मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, विचारले. मी कारण लिहायला बसलो आणि लिहिता लिहिता लक्षात आले की दोनपैकी एका ओळीची गरजच नाही.

लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये गिट हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन तयार केले ते लिनक्स कर्नलवर, म्हणजे लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यावर, जगभरातून काम करणाऱ्यांचे बदल एकत्र आणणे सोपे व्हावे म्हणून. दोघांनी एकाच फाइलमधील त्याच ओळी वेगवेगळ्या बदलल्या, तर गिट थांबते आणि निर्णय आपल्यावर सोपवते. या मर्ज कॉन्फ्लिक्टची आम्हाला सुरुवातीला फार धास्ती होती. खरा घोटाळा झाला तो गिटने कोणतीही हरकत न घेता बदल जोडून दिले तेव्हा. मी एका फंक्शनचे उत्तर सेकंदांऐवजी मिलिसेकंदांत द्यायला सुरुवात केली होती. त्याच दिवशी गटातल्या मित्राने दुसऱ्या फाइलमध्ये तेच फंक्शन सेकंद गृहीत धरून वापरले. फाइली वेगळ्या, त्यामुळे गिटच्या दृष्टीने वाद नव्हताच. मित्राने लिहिलेली चाचणी फसली म्हणून चूक कळली, नाहीतर दहा सेकंद थांबायला सांगितलेला प्रोग्रॅम जवळजवळ पावणेतीन तास थांबून राहिला असता. ओळी जुळवण्याचे काम यंत्र करते, पण त्यामागचे हेतू जुळतात की नाही हे माणसांनी एकमेकांना विचारावे लागते. त्यानंतर आम्ही काम हाती घेण्यापूर्वीच ते इश्यूमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या कामांच्या जाहीर नोंदींत, लिहून ठेवू लागलो.

आता गुणांविषयी. आमच्या महाविद्यालयात प्रत्येकाच्या कमिटची संख्या आणि लिहिलेल्या ओळी मोजून गुण दिले गेले. गटातल्या ज्या मैत्रिणीने आमचा प्रत्येक बदल बारकाईने तपासला, स्थापनेच्या जुन्या सूचना स्वतः पडताळून पुन्हा लिहिल्या आणि नवख्यांच्या शंकांना उत्तरे दिली, तिला सर्वांत कमी गुण पडले. हा निकष कळल्यावर आमच्यातल्या एकाने एका कमिटचे पाच तुकडे करायला सुरुवात केली. (तो ‘एक’ मीच होतो, हेही सांगून टाकतो.) मोजमाप चुकीचे असले की काय होते, हे या क्षेत्राने मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. ऑक्टोबरमध्ये मुक्तस्रोत कामाला प्रोत्साहन देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमात २०२० मध्ये ठरावीक संख्येने पुल रिक्वेस्ट, म्हणजे आपला बदल स्वीकारण्याच्या विनंत्या, पाठवणाऱ्यांना टी-शर्ट मिळणार होता. परिणामी मेंटेनरांवर निरर्थक बदलांचा असा पूर आला की ज्या प्रकल्पांची संमती असेल त्यांतलेच बदल मोजायचे, असा नियम आयोजकांना त्याच महिन्यात करावा लागला.

तपासणीला दुय्यम काम मानणाऱ्यांनी एक्सझेड या फाइली आकाराने लहान करणाऱ्या लहानशा, पण जवळपास सर्व लिनक्स वितरणांत (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांत) असलेल्या प्रकल्पाचे उदाहरण पाहावे. तेथे मदतनीस म्हणून आलेल्या एका खातेदाराने सुमारे दोन वर्षे उपयुक्त काम करून थकलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला आणि नंतर इतरांच्या संगणकांत गुपचूप शिरता येईल अशी चोरवाट त्यात पेरली. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे खटकले आणि त्याने पाठपुरावा केला, म्हणून ती उघड झाली. कमिटच्या मोजणीत त्या खातेदाराला उत्तम गुण मिळाले असते आणि फ्रॉइंड यांच्या खाती शून्य जमा झाले असते.

म्हणून विद्यापीठांना माझी विनंती आहे की या विषयातील निम्मे गुण तरी इतरांच्या कोडची तपासणी, कमिटचे संदेश, कागदपत्रे आणि चर्चा यांना असावेत. हे सारे प्रकल्पाच्या इतिहासात तारखेनिशी नोंदलेले असते. परीक्षकाला ते वाचावे मात्र लागते आणि त्याला वेळ लागतो, हे मान्य आहे. तोंडी परीक्षेत विद्यार्थ्याला स्वतःच्या नव्हे, तर गटातल्या दुसऱ्याच्या बदलाबद्दल विचारावे. कोणी कोणाचे काम वाचले होते, ते चार प्रश्नांत कळेल. शिवाय सत्र संपताच विद्यार्थी निघून जातात आणि अर्धवट पुल रिक्वेस्ट मेंटेनरांच्या गळ्यात पडतात. काम संपवून किंवा रीतसर सोडून देऊन जाणे, यालाही गुण असावेत.

सत्र संपले तेव्हा आमच्या गटाच्या अशा दोन पुल रिक्वेस्ट उघड्या होत्या. एक त्या मैत्रिणीने सुट्टीत पूर्ण केली. दुसरी माझी आहे; तिच्यावर मेंटेनरने तीन आठवड्यांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाला मी अजून उत्तर दिलेले नाही. ते आज देतो.

आपला विश्वासू,
संगणकशास्त्राचा एक विद्यार्थी