पेन्सिलीने दिलेले उकार

आदरणीय ज्ञानीजी,

सत श्री अकाल आणि रामकृष्णहरी.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, हे त्या दिवशीच कळलं होतं. नांदेडच्या तुमच्या घरातून निघताना मी आभार मानायला लागले, तर तुम्ही हात जोडलेत आणि गुरु ग्रंथ साहिबाचा अर्थ सांगणाऱ्या, कपड्यात गुंडाळलेल्या त्या दहा खंडांकडे बोट दाखवून म्हणालात, "माझं काही नाही बेटा, हे सगळं प्रोफेसर साहेबांचं." म्हणून हे पत्र तुम्हालाही आहे आणि ते खंड लिहिणाऱ्या, १९७७ साली गेलेल्या प्रोफेसर साहिब सिंघ यांनाही. त्यांच्यापर्यंत पोचवायला तुमच्याइतका जवळचा माणूस मला माहीत नाही.

आमचं गाव नरसीपासून हाकेच्या अंतरावर. नामदेवराय आमच्याकडे घरचेच. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, सगळं आयुष्य कीर्तनात गेलं. गुरु ग्रंथ साहिबात नामदेवांची एकसष्ट पदं आहेत हे ते प्रत्येक कीर्तनात अभिमानाने सांगायचे, पण ती पदं कधी निरूपणाला घ्यायचे नाहीत. २०१५ साली पंजाबात घुमानला साहित्य संमेलन झालं तेव्हा हट्टाने गेले. तिथे गुरुद्वाऱ्यात रागींनी, म्हणजे तिथल्या कीर्तन गाणाऱ्यांनी, नामदेवांचा शबद, म्हणजे पद, गायला. परत आल्यावर म्हणाले, "अगं, आपलाच माणूस बोलत होता आणि मला अर्धंच कळलं." ते अर्धं त्यांना फार लागलं. मग त्यांनी देवनागरीत छापलेलं एक पुस्तक मिळवलं आणि सगळी पदं वहीत उतरवून काढली. अर्थ मात्र अडलेलाच.

त्यानंतरची वर्षं कशी गेली ते फार सांगत नाही, पण थोडं सांगितल्याशिवाय तुमचं मोल कळणार नाही. आम्ही शिकलेल्या माणसांकडे गेलो. एका मोठ्या शहरातल्या एका अभ्यासकांनी अण्णांना दोन तास बाहेर बसवलं आणि आत बोलावून चार मिनिटांत सांगितलं की, हा नामदेव तुमचा नसेलही, दुसराच कुणी असेल, या वयात कशाला शिणता. तो वाद विद्वानांनी खुशाल घालावा, माझं काही म्हणणं नाही. पण समोर शहात्तर वर्षांचा वारकरी वही छातीशी धरून उभा आहे, त्याला निदान ती वही उघडायला सांगायची. ती त्यांनी उघडूनही पाहिली नाही. दुसऱ्या एकांनी पाहिली आणि म्हणाले, जुनी भाषा आहे, शब्दांची रूपं कशीही येतात, भाव समजून घ्या. अण्णा घरी येऊन म्हणाले, "भाव मला कळतो गं. मला शब्द पाहिजे."

तो शब्द तुम्ही दिलात.

तुम्ही आधी हात धुतलेत, डोकं झाकलंत, मग वही हातात घेतलीत. अण्णांच्या अक्षरात लिहिलं होतं, "ईभै बीठल ऊभै बीठल बीठल बिन संसार नही." तुम्ही खंड उघडून ताडून पाहिलंत आणि कपाळावर आठी न घालता म्हणालात, "माउली, छापणाऱ्याने मात्रा गाळल्या आहेत." मी पर्समधून लाल पेन काढून पुढे केलं. तुम्ही ते घेतलं नाहीत. खिशातून पेन्सिल काढलीत, अगदी बोथट, बोटभर उरलेली, आणि अण्णांच्या अक्षराखाली इतक्या फिकट हाताने उकार दिलेत की वही तिरपी धरल्याशिवाय ते दिसू नयेत. म्हणालात, "वही तुमची आहे. नाही पटलं तर खोडता आलं पाहिजे."

ज्ञानीजी, त्या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहायला बसले आहे. अण्णांच्या वहीला तोवर कुणी वही मानलंच नव्हतं.

"ईभै बीठलु ऊभै बीठलु बीठल बिनु संसारु नही." अण्णांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, "तिसऱ्या विठ्ठलाला उकार द्यायचा राहिला का?" तुमचा चेहरा तेव्हा असा उजळला की मला वाटलं, हाच प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तुम्ही इतकी वर्षं थांबला होतात. "राहिला नाही माउली, तिथे नाहीच! पुढे बिनु आहे ना." आणि मग तुम्ही समजावलंत. पुल्लिंगी एकवचनी नाम नुसतं, कर्ता किंवा कर्म म्हणून आलं की त्याच्या शेवटी उकार. त्याच्यापुढे शब्दयोगी आला की उकार जातो. आणि शेवटी ऱ्हस्व वेलांटी असेल तर 'मध्ये' किंवा 'ने' असा अर्थ. सबदु, सबद, सबदि, तिन्ही वेगळे. म्हणताना या मात्रा बहुतेक उच्चारात येत नाहीत, पण अर्थ त्यांच्यावरच उभा असतो. घरु म्हणजे घर आणि घरि म्हणजे घरात.

"मग ही आपली घरीच की!" अण्णा जवळजवळ ओरडलेच. घरी, दारी, मनी. सातशे वर्षांचं अंतर त्या एका वेलांटीने असं ओलांडलं.

दुसरा कुणी असता तर इथे आपली विद्वत्ता आणखी पुढे चालवली असती. तुम्ही उलट अण्णांनाच विचारलंत, "तुमच्या ज्ञानेश्वरीत असं उकाराचं काही आहे का?" अण्णांनी डोळे मिटले आणि सुरू केलं, "देवा तूंचि गणेशु, सकलमति प्रकाशु." गणेशु, प्रकाशु. आयुष्यभर पाठ असलेली ओवी, पण तिच्या शेपटाशी लटकलेला उकार त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. तुम्ही तुमची छोटी डायरी काढून ती ओवी गुरुमुखीत लिहून घेतलीत. सगळीकडून परत पाठवलेल्या माझ्या वडिलांकडून एक ग्रंथ कोळून प्यालेला माणूस काहीतरी लिहून घेत होता. मी तेव्हा पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले होते.

मग चहा आला आणि तुम्ही प्रोफेसर साहेबांबद्दल सांगितलंत. १८९२ सालचा जन्म, सियालकोट जिल्ह्यातलं खेडं, दुकानदाराचं हिंदू घर, नाव नत्थूराम. शाळेत असतानाच, १९०६ साली, शीख झाले आणि साहिब सिंघ झाले. संस्कृत शिकलेले होते, म्हणून जिथे बाकीच्यांना लेखनाची जुनी सवय दिसत होती तिथे त्यांना विभक्ती दिसली. या मात्रांवर त्यांच्याआधी प्राचार्य तेजा सिंघ यांनीही लिहिलं होतं, हे तुम्ही आवर्जून सांगितलंत; श्रेय देताना तुमचा हात कुठेच आखडत नाही. पण एकेक मात्रा गोळा करून गुरुबाणीचं, म्हणजे ग्रंथातल्या पदांच्या भाषेचं, सगळं व्याकरण रचलं ते साहिब सिंघांनी. गुरुद्वारा सुधार चळवळीत तुरुंगात गेले, अमृतसरच्या खालसा कॉलेजात वर्षानुवर्षं शिकवलं, आणि सत्तरीला आलेले असताना, १९६२ ते १९६४ मध्ये, त्याच व्याकरणाच्या पायावर संपूर्ण गुरु ग्रंथ साहिबाचा शब्दशः अर्थ सांगणारं 'दर्पण' दहा खंडांत प्रसिद्ध झालं. त्यात नानकदेवांच्या बाणीला जी बारकाई, तीच आमच्या नामदेवांच्या बाणीला. पंढरपूरच्या शिंप्याचा एक उकारही त्यांनी वाऱ्यावर सोडला नाही. महाराष्ट्राने या माणसाचं नाव किती वेळा घेतलं असेल? आम्ही घुमानची छायाचित्रं घरात लावली आणि नामदेवांचा शब्दन् शब्द उलगडून ठेवणाऱ्या माणसाची साधी ओळखही करून घेतली नाही. यात मीही आले.

मोठ्या माणसाची आठवण म्हटली की आपल्याला पुतळा आठवतो, चौकाला दिलेलं नाव आठवतं. मला आता तुमची बोटभर पेन्सिल आठवते. तुम्ही सगळं सांगितलंत आणि एकदाही "हे चूक" म्हणाला नाहीत. 'संसार' म्हणजे प्रपंच असं अण्णा धरून चालले होते. तुम्ही म्हणालात, "प्रोफेसर साहेब इथे जग म्हणतात. तुमचा अर्थ कीर्तनात गोड लागेल, पण हा जरा मोठा आहे." अण्णांनी तो मोठा अर्थ तिथल्या तिथे स्वीकारला. इतकी वर्षं दटावून जे झालं नसतं ते झालं. इकडे विठ्ठल, तिकडे विठ्ठल, विठ्ठलाविना जगच नाही.

कार्तिकी एकादशीला, नामदेवरायांच्या जयंतीला, गावच्या देवळात अण्णांनी ते पद निरूपणाला घेतलं. मात्रा म्हणण्यात येत नाहीत, त्यामुळे गाताना ऐकणाऱ्यांना काही वेगळं वाटलं नसेल. पण नंतर त्यांनी टाळ खाली ठेवला आणि हवेत बोटाने उकार काढून दाखवला, पहिल्याला आहे, दुसऱ्याला आहे, तिसऱ्याला नाही, का नाही ते सांगतो. बायामाणसं पुढे सरकून ऐकत होती. अण्णांनी तुमचं नाव घेतलं नाही, तुम्ही सांगितलं होतं तसंच. पण "सियालकोटचे साहिब सिंघ महाराज" असं म्हणून दोन्ही हात कपाळाला लावले, आणि सगळ्या देवळाने लावले. ते तुम्ही पाहायला हवं होतं.

पत्राबरोबर शेतातली हळद पाठवते आहे. ती परत करू नका.

आणि एक विचारायचं राहिलं. पेन्सिलीचे उकार हाताळून पुसट होत चालले आहेत, अण्णांना त्याची काळजी लागली आहे. मी म्हटलं, वरून शाई फिरवा. तर म्हणतात, "त्यांनी खोडता यावं म्हणून दिलेत, मी परस्पर कसे पक्के करू? आधी विचार त्यांना." तर शाईने गिरवले तर चालतील का, तेवढं कळवा. ते रोज विचारतात.

तुमची,
वहीवाल्या अण्णांची मुलगी